शेजारशेजारचे दोन वाण: एकावर अळी गुबगुबीत, दुसऱ्यावर उपाशी

एकाच रानात, एकाच दिवशी पेरलेले, एकाच पाण्यावर वाढलेले हरभऱ्याचे दोन वाण. दोन्हींवर एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेल्या घाटेअळ्या. आठवडा-दहा दिवसांत एका वाणावरच्या अळ्या जाडजूड होतात. दुसऱ्यावरच्या मागे पडतात, काही तर मरूनही जातात. हवा तीच, खत तेच, अळीही तीच. बदललेला असतो तो फक्त वाण.

बियाण्याची पिशवी हातात घेतली की आपण एकरी उतारा पाहतो आणि पीक किती दिवसांत काढणीला येतं ते पाहतो. पण कीड किती खाईल, किती वाढेल आणि पुढे किती अंडी घालेल, हेही पहिल्या फवारणीच्या कितीतरी आधी त्याच पिशवीत ठरू लागलेलं असतं. जगभरातल्या शेतांतून आणि प्रयोगशाळांतून निवडलेले त्याचे हे नमुने. एकेक वाचताना थक्क व्हायला होतं.

हरभऱ्याची आंब अळीलाही झोंबते

थंडीत रात्री हरभऱ्याच्या शेतावर पातळ फडकं पसरायचं, सकाळी ते पिळायचं आणि निघालेली आंब बाटलीत भरून ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पोटदुखीवर, अपचनावर ती घरोघरी दिली जायची. हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर बारीक केस असतात. त्यांच्या टोकांच्या ग्रंथींतून हे आम्ल पाझरतं. हरभरा उपटताना हात चुरचुरतात ते यामुळेच.

या आंबेत मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक अशी दोन आम्लं असतात. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे १९९०च्या दशकात ही दोन्ही आम्लं वेगवेगळी करून अळीच्या कृत्रिम खाद्यात मिसळून पाहिली. मॅलिक आम्लाने अळीच्या वाढीत फरक पडला नाही. ऑक्झॅलिक आम्लाने मात्र वाढ खुंटली. घाटेअळीला तोंड देणाऱ्या वाणांची पानं तपासली, तर त्यांच्यावर ऑक्झॅलिक आम्लच जास्त सापडलं. सगळा हरभरा आंबट असतो, पण कुठल्या वाणाच्या आंबटपणात काय आहे, यावर अळीचं नशीब ठरतं.

अळीचंही उत्तर तयार असतं. हरभऱ्याच्या दाण्यात असे पदार्थ असतात, जे अळीच्या पोटातल्या प्रथिनं पचवणाऱ्या विकरांना अडवतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की घाटेअळी हरभऱ्याच्या या रोधकांचेच तुकडे करते. हरभरा तिच्या नेहमीच्या खाण्यातला, त्याचे डावपेच तिला पाठ. मग या गटाने कारल्याच्या आणि चौधारी घेवड्याच्या बियांकडे मोर्चा वळवला. त्यांतले रोधक अळीला फारसे ओळखीचे नाहीत. कारल्याच्या रोधकांनी घाटेअळीची आणि तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीचीही वाढ रोखली.

विष्ठासुद्धा तोलतात

वाण बदलल्यावर अळीची वाढ बदलली, हे नुसतं बघून सांगत नाहीत. प्रयोगशाळेत अळीला दिलेलं पान तोलतात, उरलेलं पान तोलतात, अळी तोलतात आणि तिची विष्ठाही काळजीपूर्वक गोळा करून, वाळवून तोलतात. वाल्डबावर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये या हिशेबाची रीत नीट मांडली, ती आजही वापरात आहे. खाल्लेल्यापैकी पचलं किती आणि पचलेल्यापैकी अंगी लागलं किती, हे त्यातून आकड्यांत कळतं.

या हिशेबातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. पानात प्रथिनं कमी असली की पुष्कळ अळ्या जास्त पान खातात. पोषण कमी पडतं, ते त्या खाण्याच्या प्रमाणाने भरून काढतात. त्यामुळे एखाद्या वाणाची पानं जास्त कुरतडलेली दिसली, म्हणून अळीला तो वाण मानवला असं लगेच ठरवता येत नाही.

आणि वाढ नुसती रखडली, अळी मेली नाही, तर शेतकऱ्याला काय फायदा? खूप मोठा. लहान अळी लहानपणात जितके जास्त दिवस अडकते, तितके दिवस ती पक्ष्यांच्या, कोळ्यांच्या आणि परोपजीवी गांधीलमाश्यांच्या तावडीत असते. तिचा कोष हलका होतो. हलक्या कोषातून निघालेली मादी सहसा कमी अंडी घालते. पिढी पूर्ण व्हायला वेळ लागतो, म्हणून हंगामात एखादी पिढी कमी होते. अळी न मारताही तिची पुढची फौज घटते, आणि हे काम रोप रात्रंदिवस फुकट करत असतं.

मालदांडीच्या पोंग्यातली कोरडी वाट

सोलापूरकडच्या ज्वारीवर जरा थांबायलाच हवं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण कित्येक पिढ्या रब्बी ज्वारीवर राज्य करून आहे. भाकरीची चव, कडब्याची गोडी, कोरडवाहूत तग धरणं, ही त्याची कीर्ती सगळ्यांना ठाऊक. खोडमाशीशी त्याचं काय नातं आहे, ते फारसं कुणी सांगत नाही.

खोडमाशी रोप कोवळं असताना पानाच्या खालच्या बाजूला पांढरं, लांबुळकं अंडं घालते. बारीक अळी पहाटेच्या सुमारास बाहेर पडते आणि तिला पोंग्यातून खाली, कोंबाच्या गाभ्यापर्यंत पोचायचं असतं. तिथे पोचली की ती वाढीचा शेंडा कापते, मधलं पान वाळतं आणि पोंगेमर होते. या प्रवासात तिचा सगळा भरवसा पोंग्यातल्या पानावरच्या ओलाव्यावर असतो. ओल असली तर ती सरसर उतरते, कोरडं असलं तर वाटेतच सुकते.

गंमत अशी, की हा ओलावा दवाचा नसतो. तो रोपाच्या आतून पानावर येतो, आणि किती यायचा ते वाण ठरवतो. खोडमाशीला बळी पडणाऱ्या वाणांच्या पोंग्यात ओल जास्त, प्रतिकारक वाणांच्या पोंग्यात कमी. शिवाय प्रतिकारक ज्वारीची कोवळी पानं चकचकीत असतात आणि त्यांवर बारीक लव असते. माशीला अशी पानं अंडी घालायला आवडत नाहीत. आपल्या रब्बी ज्वारीच्या गावरान वाणांत हा चकचकीतपणा भरपूर आहे, मालदांडीतही आहे.

१९६४ मध्ये देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, आला. उत्पादन जबरदस्त. पण खोडमाशीलाही तो मानवला, आणि संकरित ज्वारी पसरली तशी ही माशी मोठी डोकेदुखी झाली. उतारा मोजताना पोंग्याचा ओलावा कुणी मोजला नव्हता. पुढे पैदासकारांनी गावरान ज्वारीतली ही लक्षणं परत आणायला मेहनत घेतली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण या लक्षणांचं भांडार आपल्या जुन्या वाणांतच होतं आणि शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवडून ते जपलं होतं.

ज्वारीच्या कोवळ्या रोपात धुरिन नावाचं रसायनही असतं. रोप चावलं गेलं की त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात ती यानेच. शास्त्रज्ञांनी धुरिन अजिबात नसलेली ज्वारी तयार केली, तेव्हा अमेरिकन लष्करी अळीने नेहमीच्या ज्वारीपेक्षा तीच पसंत केली.

१७८२ चा गहू

वाण बदलला की कीड हरते, याची सर्वांत जुनी लेखी नोंद गव्हाची आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या परिसरात एका माशीने गहू उद्ध्वस्त केला. जर्मनीच्या हेस प्रांतातल्या भाडोत्री सैनिकांच्या पेंढ्यातून ती आली, असा लोकांचा समज, म्हणून तिचं नाव हेसियन माशी. १७८२ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांच्या ध्यानात आलं की अंडरहिल नावाचा गव्हाचा वाण या माशीच्या तडाख्यातून वाचतो. तेव्हा जनुक हा शब्दही जन्मला नव्हता.

ही अळी काही कुरतडत नाही. ती खोडाच्या बुडाशी एका जागी बसते आणि आपल्या लाळेने रोपालाच आपल्यासाठी पोषक पेशी बनवायला लावते. प्रतिकारक वाण तिचं हे आक्रमण ओळखतो, पेशी बनवत नाही आणि अळी काही दिवसांत भुकेने मरते.

१९५१ मध्ये कॅन्ससच्या रेजिनाल्ड पेंटर यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला आणि वाणाच्या प्रतिकाराचे तीन प्रकार सांगितले. किडीला वाण नकोसा वाटणं, हा पहिला. वाण खाऊन किडीची वाढ बिघडणं, हा दुसरा. आणि कीड खात असतानाही पिकाने उत्पादन टिकवणं, हा तिसरा. वाणाच्या माहितीपत्रकावर ‘प्रतिकारक’ आणि ‘सहनशील’ असे दोन शब्द दिसतात, त्यांच्यात नेमका हाच भेद आहे. सहनशील वाणावर किडी दिसणारच. दिसल्या की लगेच पंप पाठीवर घेणाऱ्याने तो वाण घेऊन काहीच मिळवलं नाही.

कपाशीची लव: एकाला अडवते, दुसऱ्याला बोलावते

कपाशीवरचे तुडतुडे पानाच्या खालून रस शोषतात. पानाच्या कडा वळतात, लाल होतात. पानावर लांब, दाट लव असली की तुडतुड्याला अंडी घालायला आणि सोंड खुपसायला जड जातं. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टन इथे १९२०च्या दशकात लवदार पानाचा यू-४ हा वाण निवडला गेला आणि तुडतुड्यांनी मोडीत काढलेली तिथली कपाशी पुन्हा उभी राहिली.

मग सगळीच कपाशी लवदार का करत नाहीत? कारण पांढऱ्या माशीला तीच लव आवडते. बोंडअळीच्या पतंगालाही लवदार पानावर अंडी चिकटवणं सोपं जातं. गुळगुळीत पान घ्या, पांढरी माशी घटते आणि तुडतुडे वाढतात. कपाशीच्या पैदासकाराची सगळी कसरत या कात्रीत चालते. म्हणून वाण निवडताना आपल्या भागात नेहमी त्रास देणारी कीड कोणती, हे आधी माहीत हवं. साऱ्या किडींना एकदम पुरून उरणारा वाण कुणी विकायला आणला, तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

कपाशीच्या अंगावर काळे ठिपके असतात, त्या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचं विष असतं. त्याच्यामुळेच सरकी माणसाला थेट खाता येत नाही. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ठिपके नसलेली कपाशी सापडली. सरकी खाण्याजोगी झाली, सगळे खूश. पण शेतात लावली तर एरवी कपाशीकडे न फिरकणाऱ्या किडीही तिच्यावर तुटून पडल्या. पुढे टेक्ससच्या कीर्ती राठोड यांनी २००६ मध्ये वेगळी वाट दाखवली: विष पानांत, खोडात, फुलांत राहू द्यायचं आणि फक्त सरकीतून काढायचं. अशा सरकीला अमेरिकेच्या अन्न खात्याने २०१९ मध्ये मान्यता दिली.

आकडा असलेले केस

श्रावणघेवड्याच्या काही वाणांच्या पानांवर सूक्ष्म, वाकड्या आकड्यांसारखे केस असतात. तुडतुड्याची पिल्लं त्यांत अडकतात, पाय भोसकला जातो आणि ती तिथेच उपाशी मरतात. पूर्व युरोपात बाल्कन भागातले लोक पूर्वी रात्री खाटेभोवती घेवड्याची पानं पसरायचे आणि सकाळी ढेकणांनी भरलेली पानं जाळून टाकायचे. २०१३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ढेकणांचे पाय याच आकड्यांवर अडकलेले दिसले.

कडू काकडी, गोड काकडी

काकडीचा कडूपणा कुकुरबिटॅसिन नावाच्या रसायनाचा. एका जनुकाच्या फरकाने रोप कडू किंवा बिनकडू होतं. १९७१ मध्ये दोन्ही रोपं किडींपुढे ठेवली, तेव्हा चित्र उलटसुलट निघालं. लाल कोळी कडू रोपावर नीट वाढत नाही, बिनकडू रोपावर फोफावतो. काकडीच्या भुंगेऱ्याला मात्र कडूपणाची चटक. तो कडू रोप फस्त करतो आणि बिनकडू रोप सोडून देतो. जनुक एकच, त्याच्यावर दोन किडींचे निकाल अगदी विरुद्ध.

बटाट्याने तर माणसालाच धडा दिला. १९६७ मध्ये अमेरिकेत लेनापे नावाचा बटाटा आला. चिप्ससाठी उत्तम, रंग सुरेख. त्याच्या घराण्यात सोलॅनम चाकोएन्स ही बटाट्याची रानटी बहीण होती. तिच्या काही प्रकारांची पानं बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्याला नकोशी होतात ती त्यांतल्या विषारी अल्कलॉइडांमुळे. लेनापेच्या बटाट्यांतच सोलॅनिनसारखी विषं इतकी जास्त निघाली की १९७० मध्ये तो वाण मागे घ्यावा लागला. किडीला न मानवणारं माणसालाही मानवलं नाही, असं होऊ शकतं. म्हणूनच नवा वाण शेतात सोडण्याआधी तो खाण्याला कसा, हे तपासणं पैदासकाराचं पहिलं कर्तव्य आहे.

निळे ठिपके आणि सोन्याची तार

भातावरचा तपकिरी तुडतुडा बुंध्याशी बसून रस शोषतो. त्याने किती रस प्याला, हे मोजायचं कसं? शास्त्रज्ञांनी त्याची विष्ठाच पकडली. तुडतुडा गोड, चिकट थेंब टाकतो. त्याच्याखाली ब्रोमोक्रेसॉल ग्रीनमध्ये बुडवलेला गाळणकागद ठेवला, की अन्नरस प्याला असेल तर ठिपके निळे उमटतात. प्रतिकारक वाणावर निळे ठिपके थोडेच पडतात. सोंड खुपसूनही अन्नरस मिळत नाही, म्हणून कीड पाण्याच्या नळ्यांतून नुसतं पाणी ओढते.

माव्यासाठी याहून नाजूक युक्ती आहे. केसाहूनही बारीक सोन्याची तार माव्याच्या पाठीवर डिंकासारख्या चांदीच्या लेपाने चिकटवतात, दुसरं टोक कुंडीतल्या मातीत. माव्याने सोंड रोपात खुपसली की विजेचं मंडल पूर्ण होतं आणि पडद्यावर लाटा उमटतात. सोंड सालीत आहे, पाण्याच्या नळीत आहे की अन्नरसात, हे त्या लाटांवरून ओळखता येतं. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ही पद्धत सुरू झाली. एखाद्या वाणावर मावा तासभर बसलेला दिसतो, पण त्या तासात त्याच्या पोटात काही गेलं का, हे फक्त ती तार सांगते.

भाताच्या या कहाणीत एक कटू भागही आहे. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ मध्ये आयआर-२६ हा तुडतुड्यांना दाद न देणारा पहिला वाण दिला. त्याचा प्रतिकाराचा जनुक मुडगो या जुन्या भारतीय भातातला. दोन-तीन वर्षांत तुडतुड्यांचा नवा प्रकार पुढे आला आणि आयआर-२६ खाऊ लागला. १९७६ मध्ये गुरुदेव खुश यांच्या गटाचा आयआर-३६ आला, दुसरा जनुक घेऊन. एके काळी तो जगात १ कोटी १० लाख हेक्टरांवर होता. एकाच जनुकावर सगळी भिस्त ठेवून लाखो हेक्टर एकाच वाणाखाली आणले, की किडीला तो जनुक मोडण्याचा सराव आपणच देतो. केरळच्या पट्टांबीचा पीटीबी-३३ आणि श्रीलंकेचा रथू हीनाटी या जुन्या वाणांत एकाहून अधिक जनुक आहेत, म्हणून त्यांचा प्रतिकार जास्त टिकाऊ ठरला.

भाताच्या खोडकिड्याची आणखी एक बातमी. ज्या वाणाच्या खोडात सिलिका जास्त, त्याचं खोड पोखरताना अळीचे जबडे झिजतात.

द्राक्षाला टेक्ससचे पाय

१८६०च्या दशकात फ्रान्सचे द्राक्षमळे वाळू लागले. मुळं उकरली तर त्यांवर फायलोक्सेरा नावाची माव्यासारखी इवलीशी कीड, अमेरिकेतून आलेली. १८६८ मध्ये माँपेलिएच्या प्लांशाँ यांनी ती ओळखली. मिसुरीचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी पाहिलं, की अमेरिकी रानवेलींच्या पानांवर या किडीच्या गाठी ढिगाने येतात, पण मुळं ठणठणीत राहतात. युरोपी वेलीचं अगदी उलट: पानं सहसा स्वच्छ, मुळं सडलेली. मग खाली अमेरिकी खुंट आणि वर फ्रेंच वेल, असं कलम झालं. टेक्ससच्या टी. व्ही. मन्सन यांनी चुनखडीच्या जमिनीत तगणाऱ्या रानवेली शोधून दिल्या, त्याबद्दल १८८८ मध्ये फ्रान्सने त्यांचा सन्मान केला. युरोपातले बहुतेक मळे आजही अमेरिकी मुळांवर उभे आहेत.

नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना डॉगरीज खुंट नवा नाही. तोही टेक्ससच्या रानवेलींतून निवडलेला. आपल्याकडे तो लावतात खारवट जमीन आणि पाण्याची टंचाई यांसाठी, पण द्राक्षाचं कलम खुंटावर भरण्याची ही रीत जगभर पसरली ती एका किडीच्या धाकाने.

मक्याची हाक

मक्याचं मूळ किडीने कुरतडलं की काही वाण मातीत एक सुगंधी रसायन सोडतात, बीटा-कॅरिओफिलीन. लवंगेत आणि मिऱ्यात असतं तेच. त्या वासाने सूत्रकृमी धावत येतात आणि मूळ खाणाऱ्या अळीला मारतात. स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि एक खंतही नोंदवली: युरोपातले मक्याचे वाण ही हाक देतात, उत्तर अमेरिकेच्या बहुतेक वाणांनी ती गमावली आहे. उतारा वाढवण्याच्या निवडीत ती कधी गळून पडली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. २००९ मध्ये ओरेगॅनोचा जनुक घालून काही मक्यांना ती परत देण्यात आली.

स्वीडनच्या सातूचा किस्सा तर याहून नवलाचा. आल्वा या वाणाच्या वासात काही दिवस ठेवलेल्या कारा या वाणाच्या रोपांवर मावा कमी बसला. शेजारचा वाण बदलला, तरी फरक पडला.

डब्यातला मूग आणि बांधावरचा कांदा

साठवणीतल्या मुगाला भुंगेरे लागतात, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. मादागास्करमधल्या रानमुगाचा टीसी १९६६ हा प्रकार असा सापडला, की त्याच्या दाण्यात शिरलेली अळी मोठी होतच नाही. पैदासकारांनी त्याचा गुण लागवडीच्या मुगात आणायचं काम हाती घेतलं. चवळीतही नायजेरियातल्या संशोधकांनी हजारो नमुने चाळले, तेव्हा टीव्हीयू २०२७ हा एक भुंगेऱ्याला रोखणारा नमुना हाती लागला.

कांद्यावरचे फुलकिडे पातींच्या बेचक्यात दडून बसतात. पाती एकमेकींना चिकटून असल्या की त्यांना घर मिळतं. १९३०च्या दशकातच इराणी पांढऱ्या कांद्याच्या एका वाणावर फुलकिडे कमी दिसले होते, कारण त्याच्या पाती फाकलेल्या असतात. खरिपात कांदा लावणाऱ्याने रोपवाटिकेत पाती कशा फुटतात हे एकदा निरखून बघावं.

बोंडातल्या काही सरक्या सुरक्षित, अळीसाठी

बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. जमिनीतल्या एका जिवाणूचा जनुक कपाशीत घातल्याने बोंडअळी मारणारं प्रथिन रोपातच तयार होऊ लागलं. अमेरिकन बोंडअळी खरोखर आटोक्यात आली. पण गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्या जनुकाला, नंतर दोन जनुकांच्या वाणालाही पचवलं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकांनी त्याची किंमत मोजली.

एक कारण संकरित बियाण्याच्या घडणीतच आहे. जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलेला असतो, म्हणून संकरित झाडाच्या बोंडातल्या काही सरक्यांत विषारी प्रथिन नसतं. गुलाबी अळी बोंडात राहून सरकीमागून सरकी खाते. तिच्या वाट्याला कधी विष येतं, कधी येत नाही, आणि अर्धवट विषावर जगलेली अळी पुढच्या पिढीला जास्त चिवट बनवते. त्यात बिगर-बीटी आश्रय ओळी कुणी लावल्या नाहीत, फरदड फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी राहिली. वाण चांगला होता. आपण त्याला जपलं नाही. फरदड न ठेवणं आणि कमी दिवसांचा वाण लावणं, हे दोन्ही आजही प्रत्येकाच्या हातात आहे.

पुढच्या हंगामात कृषी सेवा केंद्रावर जाल, तेव्हा उताऱ्यासोबत हेही विचारा: या वाणावर कोणती कीड कमी वाढते, कोणती जास्त येते, आणि हा वाण प्रतिकारक आहे की नुसता सहनशील? दुकानात उत्तर मिळालं नाही तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात विचारा. आणि जमलं तर शेताच्या कडेला दोन-चार ओळी एखाद्या जुन्या गावरान वाणाच्या पेरा. आठवड्यातून एकदा दोन्हींकडची पानं उलटून बघा आणि अळ्या मोजून वहीत लिहून ठेवा.